सी भाषेत फ्लोटिंग पॉइंट संख्यांचे स्केलिंग: एलडीएक्सप, स्केलबीएन आणि घातांकाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. डबल प्रकारातील क्ष या संख्येला २ च्या एन व्या घाताने गुणायचे आहे; एन हा पूर्णांक असून तो धनही असू शकतो आणि ऋणही. सध्या त्यासाठी आधी पॉव(२, एन) काढले जाते आणि मग त्याने क्ष ला गुणले जाते. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते, पण काही आकड्यांवर ते अनंत किंवा थेट शून्य येते, आणि कागदावर हिशेब केला तर खरे उत्तर डबलच्या मर्यादेत आरामात बसणारे निघते. मॅथ हेडरमध्ये एलडीएक्सप, स्केलबीएन आणि स्केलबीएलएन अशी तीन फंक्शन्स याच कामाची दिसतात. त्यांपैकी कोणते घ्यावे, त्यांच्यात फरक काय, आणि घातांकाचे बिट आपणच बदलले तर काम अधिक वेगाने होईल का, असे विचारले आहे.

आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे. एलडीएक्सप किंवा स्केलबीएन यांपैकी कोणतेही वापरा, आजच्या नेहमीच्या यंत्रांवर दोन्हींचे उत्तर एकच येते. एन हा आकडा शक्य तितका वेळ पूर्णांक म्हणूनच सांभाळा आणि स्केलिंग अगदी शेवटी, एकदाच करा. घातांकाचे बिट हाताने बदलण्याच्या वाटेला जाऊ नका.

पॉव वापरल्यावर नेमके काय बिघडते ते एका उदाहरणात जवळून पाहू. आयट्रिपलई ७५४ या फ्लोटिंग पॉइंट संख्यांच्या मानकाप्रमाणे डबलमध्ये ६४ बिट असतात: १ चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकी भागाचे. घातांक १०२३ मिळवून साठवला जातो. या रचनेत सर्वांत मोठी सांत संख्या २^१०२४ च्या किंचित अलीकडे, म्हणजे सुमारे १.७९७ × १०^३०८ असते; सर्वांत लहान नॉर्मल संख्या २^(−१०२२) असते, आणि तिच्याही खाली सबनॉर्मल, म्हणजे कमी बिटांत साठवलेल्या अतिलहान, संख्यांचा पट्टा २^(−१०७४) पर्यंत जातो. आता क्ष = २^(−१०७४) आणि एन = ११०० घ्या. खरे उत्तर २^२६, म्हणजे ६७१०८८६४, अगदी साधा आकडा आहे. परंतु पॉव(२, ११००) हे डबलमध्ये मावत नाही, म्हणून ते अनंत होते, आणि अनंताला कोणत्याही धन संख्येने गुणले तरी अनंतच राहते. उलट बाजूने क्ष = २^१००० आणि एन = −१०८० घेतले, तर पॉव(२, −१०८०) शून्य होते आणि गुणाकारही शून्य होतो, जेव्हा खरे उत्तर २^(−८०) आहे. दोन्ही वेळा शेवटचे उत्तर निर्दोषपणे साठवता आले असते. बिघाड झाला तो मधल्या गुणकात, आणि तो गुणक मुळात तयार करण्याची गरजच नव्हती. एलडीएक्सप(क्ष, एन) असा गुणक बनवत असल्यासारखे वागत नाही, ते क्ष च्या घातांकात एन मिळवल्यासारखे वागते, आणि म्हणून मर्यादेचा प्रश्न फक्त अंतिम उत्तराला लागू होतो.

पॉवबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सी भाषेच्या मानकाने मॅथ लायब्ररीतील पॉवसारख्या फंक्शन्सच्या अचूकतेची पातळी ठरवून दिलेली नाही. ती प्रत्येक अंमलबजावणीवर सोपवलेली आहे. चांगल्या लायब्ररीत पॉव(२, १०) हे तंतोतंत १०२४ येते हे खरे, पण जे काम एका पूर्णांकाच्या बेरजेत होते त्यासाठी लॉगॅरिदम आणि घातांकीय फलनाची सगळी यंत्रणा कामाला लावणे वेळेच्या दृष्टीनेही परवडत नाही.

आता तीन फंक्शन्समधील फरकाकडे वळू. एलडीएक्सप हे १९८९ च्या मानकापासून सी मध्ये आहे आणि त्याची व्याख्या सरळ आहे: क्ष गुणिले २ चा एन वा घात. स्केलबीएन हे १९९९ च्या मानकात आले आणि त्याची व्याख्या क्ष गुणिले एफएलटी_रेडिक्सचा एन वा घात अशी आहे. एफएलटी_रेडिक्स म्हणजे त्या यंत्रावरील फ्लोटिंग पॉइंट संख्यांचा पाया. तुमच्या आमच्या संगणकावर तो २ असतो, त्यामुळे दोन्ही फंक्शन्स समान ठरतात. तो २ नसलेली यंत्रे मात्र काल्पनिक नाहीत: आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० ने १६ पायाची फ्लोटिंग पॉइंट रचना आणली आणि तिचा वारसा त्या घराण्यातील पुढच्या यंत्रांवरही चालत आला. तशा रचनेत स्केलबीएन(क्ष, १) हे क्ष ला १६ ने गुणते आणि एलडीएक्सप(क्ष, १) मात्र २ नेच. यावरून माझा नियम असा आहे की गणिताची गरजच २ च्या घाताची असेल, उदाहरणार्थ स्थिर बिंदूच्या पूर्णांकातून अपूर्णांक काढायचा असेल, तर एलडीएक्सप लिहावे, कारण वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो. संख्येचा घातांक काढून तिला १ च्या आसपास आणायचे असेल, म्हणजे घातांक काढून देणाऱ्या लॉगबी किंवा आयलॉगबीच्या जोडीने काम असेल, तर स्केलबीएन लिहावे, कारण ती जोडी त्याच पायावर चालते. आयट्रिपलई ७५४ च्या १९८५ च्या आवृत्तीत ही क्रिया परिशिष्टातील शिफारशींमध्ये होती आणि २००८ च्या आवृत्तीत ती आवश्यक क्रियांमध्ये आली. मानकाने तिला हे स्थान द्यावे इतके तिचे महत्त्व आहे.

स्केलबीएलएन कशासाठी, हे अनेकांना कळत नाही, कारण ते दिसायला स्केलबीएनची नक्कल वाटते. फरक इतकाच की एन चा प्रकार इंटऐवजी लाँग आहे. सी भाषेत इंट किमान १६ बिटांचा असावा एवढीच अट आहे, म्हणजे त्याची कमाल किंमत ३२७६७ असू शकते. ८० बिटांच्या विस्तारित लाँग डबलमध्ये सर्वांत लहान सबनॉर्मल संख्या २^(−१६४४५) असते आणि सर्वांत मोठी सांत संख्या २^१६३८४ च्या किंचित अलीकडे असते. तळापासून माथ्यापर्यंत एका उडीत जायचे तर घातांकात ३२८२८ मिळवावे लागतात, आणि हा आकडा ३२७६७ मध्ये बसत नाही. इंट ३२ बिटांचा असलेल्या यंत्रावर स्केलबीएलएनची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. जुन्या युनिक्स कोडमध्ये स्केलबी नावाचे चौथे भावंडही भेटेल. त्याचा दुसरा आर्ग्युमेंट डबल होता, ते सी मानकात कधीच नव्हते आणि पॉसिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकानेही २००८ मध्ये ते वगळले. ते दिसले तर बदलून टाका, पण बदलताना दुसऱ्या जागी खरोखर पूर्णांकच जातो आहे ना हे तपासा. एलडीएक्सपला २.७ दिले तर कंपायलर त्याचा निमूटपणे २ करील.

स्केलिंगच्या उलट दिशेची फंक्शन्स म्हणजे फ्रेक्सप, लॉगबी आणि आयलॉगबी. यांच्यात एकाचा फरक आहे आणि तो चुकांचे माहेरघर आहे. फ्रेक्सप संख्येचे दोन भाग करते. अपूर्णांकी भाग ०.५ किंवा त्याहून मोठा आणि १ पेक्षा लहान ठेवते. लॉगबी मात्र अपूर्णांकी भाग १ किंवा त्याहून मोठा आणि पायापेक्षा लहान असल्याचे धरते. त्यामुळे १० या संख्येला फ्रेक्सप ०.६२५ आणि ४ अशी फोड देते, तर आयलॉगबी ३ हे उत्तर देते, कारण त्याच्या दृष्टीने १० म्हणजे १.२५ गुणिले २ चा घन. एका फाइलमध्ये फ्रेक्सप आणि दुसऱ्या फाइलमध्ये आयलॉगबी वापरून एकाच घातांकाबद्दल बोलणारा कोड मी अनेकदा दुरुस्त केला आहे. उत्तर दुप्पट किंवा निमपट आले की पहिला संशय इथेच घ्यावा.

शून्याचा प्रसंग याहून गंभीर आहे. फ्रेक्सप शून्याला शून्य आणि शून्य अशी निरुपद्रवी फोड देते. आयलॉगबी शून्यासाठी एफपी_आयलॉगबी० ही खास किंमत देते, आणि ती सर्वांत लहान इंट किंवा सर्वांत मोठ्या इंटची ऋण किंमत असते. माझ्यासमोर आलेला एक कोड नमुन्यांचा एकेक गट घेऊन त्यातील सर्वांत मोठ्या नमुन्याचा आयलॉगबी काढत असे, त्यातून १५ वजा करून गटाचा घातांक ठरवत असे, आणि मागच्या गटाच्या घातांकाशी तुलना करून मोठा असेल तो पुढे नेत असे. एक गट पूर्ण शांत, म्हणजे सगळे नमुने शून्य, असा आला. आयलॉगबीने −२१४७४८३६४८ दिले, त्यातून १५ वजा करताच इंटची मर्यादा ओलांडली गेली आणि त्या यंत्रावर किंमत वळसा घेऊन २१४७४८३६३३ झाली. चिन्हांकित पूर्णांकाची मर्यादा ओलांडणे हे मानकाप्रमाणे अपरिभाषित वर्तन आहे, म्हणजे त्यावर कसलाच भरवसा नाही. पण इथे जे घडले ते असे की हा प्रचंड घातांक सगळ्यांत मोठा ठरला, पुढे जात राहिला, आणि त्यानंतरचा प्रत्येक गट उणे दोन अब्जांनी स्केल होऊन शून्य झाला. शांत गटाचे स्वतःचे उत्तर बरोबर होते, म्हणून तिकडे कोणी पाहिले नाही, आणि शोधायला फार वेळ गेला. तेव्हापासून आयलॉगबीच्या आधी संख्या शून्य, अनंत किंवा नॅन (संख्या नसल्याचे दाखवणारी खास किंमत) नाही याची तपासणी मी लिहितोच. अनंतासाठी आयलॉगबी सर्वांत मोठा इंट देते, म्हणजे तिकडेही १ मिळवण्याचा अवकाश, हीच दशा होते.

स्केलिंग अचूक असते असे सर्रास म्हटले जाते आणि ते बव्हंशी खरे आहे. २ च्या घाताने गुणल्यावर अपूर्णांकी भागाचे ५२ बिट जसेच्या तसे राहतात, फक्त घातांक सरकतो, म्हणून राउंडिंगचा प्रश्नच येत नाही. अपवाद दोन टोकांना आहेत. वरच्या टोकाला उत्तर मर्यादेबाहेर गेले की ओव्हरफ्लो होतो. नेहमीच्या राउंडिंगमध्ये फंक्शन योग्य चिन्हासह ह्यूज_व्हॅल (आयट्रिपलई यंत्रांवर अनंत) परत करते, आणि लायब्ररी एर्नो हे चुकीचा क्रमांक ठेवणारे चल वापरणारी असेल तर त्यात ईरेंज, म्हणजे मर्यादा ओलांडल्याची खूण, ठेवते. हे टोक निदान ओरडून सांगते. खालचे टोक कुजबुजते. उत्तर २^(−१०२२) च्या खाली गेले की सबनॉर्मल पट्ट्यात साठवायला मिळणारे बिट एकेक करून कमी होत जातात, आणि तिथे अचूकता हळूहळू गळते. संख्या शून्य होण्याच्या कितीतरी आधी ती बिघडलेली असते, आणि केवळ शून्याची तपासणी करणाऱ्या कोडला त्याचा पत्ता लागत नाही.

याच कारणामुळे स्केलिंग एकदाच करा असा आग्रह मी धरतो. उदाहरण छोटे आहे, हाताने पडताळता येईल. क्ष = ११ आणि एन = −१०७७ घ्या. सर्वांत लहान सबनॉर्मल संख्येला, म्हणजे २^(−१०७४) ला, एक कण म्हणू. खरे उत्तर ११ भागिले ८, म्हणजे १.३७५ कण आहे. सर्वांत जवळची साठवता येणारी किंमत १ कण, आणि एलडीएक्सप(११, −१०७७) तेच देते. आता तेच काम दोन पायऱ्यांत करा: आधी −१०७५ ने आणि मग −२ ने. पहिल्या पायरीचे उत्तर ५.५ कण, ते ५ आणि ६ यांच्या बरोबर मधोमध असल्यामुळे समसंख्येकडे, म्हणजे ६ कडे जाते. दुसऱ्या पायरीत ६ भागिले ४, म्हणजे १.५ कण, तेही मधोमध, म्हणून समसंख्येकडे, म्हणजे २ कडे जाते. उत्तर दुप्पट झाले. प्रत्येक पायरी आपापल्या जागी नियमाप्रमाणे बरोबर होती, तरी दोनदा राउंडिंग झाल्याने एकूण उत्तर चुकले.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही ही काळजी घ्यावी लागते, आणि मसल या सी लायब्ररीतील स्केलबीएनचा कोड त्यासाठी आवर्जून वाचण्यासारखा आहे. एन −१०२२ पेक्षा लहान असेल तर तो काम तुकड्यांत करतो, पण तुकडा २^(−१०२२) चा न घेता त्याला २^५३ ने गुणून, म्हणजे २^(−९६९) चा घेतो. त्यामुळे शेवटच्या तुकड्यासाठी निदान −५४ इतका घातांक उरतोच. पहिल्या तुकड्यानंतर संख्या सबनॉर्मल झालीच, तर पुढच्या ५४ बिटांच्या घसरणीत ती सर्वांत जवळच्या किमतीकडे नेणाऱ्या नेहमीच्या राउंडिंगमध्ये शून्यच होणार असते, आणि सबनॉर्मल झाली नसेल तर तिच्यात अजून कोणतेही राउंडिंग झालेले नसते. दोनदा राउंडिंग होऊन चुकीचे उत्तर शिल्लक राहण्याला जागाच उरत नाही. इतक्या थोड्या ओळींत इतका विचार बसवलेला मला फार भावतो.

घातांकाचे बिट थेट बदलण्याबद्दल आता बोलू, कारण वेगाच्या आशेने तो मोह अनेकांना होतो. ६४ बिटांच्या पूर्णांकात संख्या घ्यायची, घातांकाच्या जागी एन मिळवायचा आणि परत डबल करायचे, ही युक्ती नॉर्मल संख्येतून नॉर्मल संख्येत जाताना चालते आणि बाकी सगळीकडे खोटे बोलते. शून्याच्या घातांकाच्या जागेत ० असते. तिथे १० मिळवले की शून्याची २^(−१०१३) होते, म्हणजे काहीच नसताना काहीतरी निर्माण होते. १.५ × २^१०२३ या संख्येच्या घातांकाची जागा २०४६ असते. तिथे १ मिळवला की २०४७ होते, आणि अपूर्णांकी भाग शून्य नसल्याने अनंताऐवजी नॅन मिळते. १.५ × २^(−१०२२) ला निम्मे करायला गेलात तर घातांकाची जागा १ वरून ० होते, ० चा अर्थ सबनॉर्मल असा असल्याने अध्याहृत १ (नॉर्मल संख्येत अपूर्णांकी भागाच्या आधी न साठवता गृहीत धरलेला १) गळून पडतो, आणि ०.७५ × २^(−१०२२) ऐवजी ०.५ × २^(−१०२२) हाती येते. शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण उत्तर दिसायला शहाणे असते. या सगळ्या जागी तपासण्या घातल्या की तुम्ही एलडीएक्सपच पुन्हा लिहिलेले असते, फक्त त्याची चाचणी झालेली नसते. शिवाय डबलचा पॉइंटर पूर्णांकाच्या पॉइंटरमध्ये बदलून वाचणे हे भाषेच्या अलियासिंग नियमांच्या, म्हणजे एका प्रकारची मेमरी दुसऱ्या प्रकाराने वाचण्याबद्दलच्या नियमांच्या, विरुद्ध आहे. बिट पाहणे अगदी अनिवार्य असेल तर बाइट्सची नक्कल करणारे मेमसीपीवाय वापरावे.

वेगाची रास्त काळजी असेल तर तिचे उत्तर वेगळे आहे. एन आधीच ठाऊक असलेला स्थिरांक असेल, तर साधा गुणाकार करा: क्ष ला ०.१२५ ने गुणणे आणि एलडीएक्सप(क्ष, −३) यांचे उत्तर एकच असते, आणि गुणाकार एका सूचनेत होतो. एन लूपच्या बाहेर ठरत असेल आणि तो −१०७४ ते १०२३ या टप्प्यात असेल, तर एलडीएक्सप(१.०, एन) ने गुणक एकदाच काढा आणि संपूर्ण अ‍ॅरेला त्याने गुणा. गुणक तंतोतंत साठवलेला असल्याने प्रत्येक गुणाकारात राउंडिंग झालेच तर एकदाच होते, म्हणजे निकाल एलडीएक्सपइतकाच विश्वासार्ह राहतो, आणि असा लूप कंपायलर सहज व्हेक्टराइज करतो, म्हणजे एका सूचनेत अनेक घटक हाताळतो. एन प्रत्येक घटकाला वेगळा असेल तेव्हाच फंक्शन कॉलचा खर्च जाणवतो. एक्स८७ मध्ये एफस्केल आणि एव्हीएक्स-५१२ मध्ये व्हीस्केलएफ या घराण्यातील सूचना याच कामासाठी आहेत. पण त्यांच्याकडे वळण्याआधी प्रोफायलर चालवून वेळ खरोखर तिथेच जातो आहे ना हे बघा. बहुतेक कार्यक्रमांत तो तिथे जात नाही.

ही फंक्शन्स सर्वांत जास्त उपयोगी पडतात ती मधली किंमत मर्यादेबाहेर जाऊ पाहते अशा हिशेबांत. समजा एका सदिशाचे दोन घटक ३ × १०^२०० आणि ४ × १०^२०० आहेत. लांबी ५ × १०^२०० आहे, पण वर्ग करताच १०^४०० च्या घरात जाऊन ओव्हरफ्लो होतो. मोठ्या घटकाचा आयलॉगबी ६६६ येतो. दोन्ही घटक स्केलबीएनने −६६६ ने स्केल केले की ते सुमारे ०.९८ आणि १.३१ होतात, वर्गांच्या बेरजेचे मूळ सुमारे १.६३३ येते, आणि ते परत ६६६ ने स्केल केले की उत्तर मिळते. दोन घटकांसाठी १९९९ पासून अशी लांबी काढणारे हायपॉट हे फंक्शन आहेच, तेच वापरा. पण घटक शेकडो असतील तेव्हा ही पद्धत स्वतः लिहावी लागते. अनेक जण सर्व घटकांना मोठ्या घटकाने भागतात. त्याने ओव्हरफ्लो टळतो, पण प्रत्येक भागाकारात राउंडिंगची चूक शिरते. २ च्या घाताने स्केल केल्यास मोठ्या घटकांत कणभरही चूक शिरत नाही, आणि सबनॉर्मल होण्याइतके लहान घटक बेरजेवर परिणाम करण्याजोगे नसतातच.

दुसरे उदाहरण लांबलचक गुणाकारांचे. ०.१ ला ०.१ ने सतत गुणत गेलात, म्हणजे ०.१ चे घात काढत गेलात, तर ३२४ व्या घाताला डबल शून्य होते, आणि त्याआधी १६ घात सबनॉर्मल पट्ट्यात सडलेले असतात. प्रत्येक गुणाकारानंतर फ्रेक्सपने अपूर्णांकी भाग वेगळा करून घातांक एका लाँग चलात जमा करत गेलात, तर ४०० वा घातही शाबूत राहतो: अपूर्णांकी भाग सुमारे ०.५८६ आणि घातांक −१३२८. संभाव्यतांच्या गुणाकारासाठी लोक लॉगॅरिदमची बेरीज करतात, आणि त्यातही गैर काही नाही. पण निर्धारकासारख्या जागी, जिथे चिन्हही टिकवायचे असते, तिथे ही जोडी मला जास्त स्वच्छ वाटते. ती परत एका डबलमध्ये आणायची वेळ आली की जमा केलेला लाँग घातांक थेट स्केलबीएलएनला द्या. इंट आणि लाँग यांच्या रुंदीत फरक असेल तर तो एलडीएक्सपला देताना कापला जाऊ शकतो.

यादृच्छिक पूर्णांकातून ० ते १ मधला अपूर्णांक काढतानाही एलडीएक्सप वापरतात, आणि तिथे एक खाच आहे. ६४ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक डबलमध्ये नेऊन −६४ ने स्केल केला, तर सर्वांत मोठा पूर्णांक डबलमध्ये जाताना २^६४ असा राउंड होतो आणि उत्तर बरोबर १ येते, जे येऊ नये असे गृहीत धरून पुढचा कोड लिहिलेला असतो. आधी पूर्णांक ११ बिट उजवीकडे सरकवून ५३ बिटांचा करा आणि मग −५३ ने स्केल करा. म्हणजे रूपांतर तंतोतंत होते आणि १ कधीच येत नाही.

फ्लोट प्रकारासाठी एलडीएक्सपएफ आणि लाँग डबलसाठी एलडीएक्सपएल आहेत. फ्लोटची नॉर्मल मर्यादा २^(−१२६) आणि सबनॉर्मल तळ २^(−१४९) इतकाच खोल असल्याने वरचे सगळे धोके तिथे फार लवकर गाठतात. आणखी एक ताकीद: कंपायलरचा फास्ट-मॅथ पर्याय (वेगासाठी फ्लोटिंग पॉइंटचे नियम सैल करणारा) चालू असेल, तर काही यंत्रांवर सबनॉर्मल संख्या सरळ शून्य धरल्या जातात. मग सबनॉर्मल पट्ट्याबद्दल वर सांगितलेले काहीही लागू राहत नाही. असा पर्याय लावताना त्याची किंमत माहीत असावी.

याच संदर्भात १० च्या घाताने स्केलिंग करण्याबद्दलही नेहमी विचारले जाते. द्विमान डबलसाठी तसे अचूक फंक्शन सी मध्ये नाही, आणि असूही शकत नाही, कारण १० मध्ये ५ हा अवयव आहे आणि ५ ने गुणल्यावर अपूर्णांकी भागाचे बिट बदलतातच. १०^२२ पर्यंतचे घात डबलमध्ये तंतोतंत साठवता येतात, कारण ५^२२ हे २^५३ पेक्षा लहान आहे. त्यामुळे त्या टप्प्यात गुणाकार किंवा भागाकार केला तर एकदाच राउंडिंग होते. मात्र भागायचे असेल तिथे ०.०१ ने गुणू नका, १०० ने भागा, ०.०१ हा आकडा डबलमध्ये मुळातच तंतोतंत बसत नाही. पैशांचे हिशेब करायचे असतील तर सर्वांत लहान नाण्याच्या एककात पूर्णांक ठेवा.

बदल केल्यावर चाचणी कशावर घ्यावी हेही सांगतो. उत्तर छापताना दशमान रूप न वापरता प्रिंटएफचे षोडशमान रूप, म्हणजे टक्क्याच्या खुणेपुढे ए हे अक्षर असलेले रूप वापरा. त्यात घातांक आणि बिट डोळ्यांना थेट दिसतात आणि छापताना होणाऱ्या राउंडिंगचा संशय राहत नाही. मग या जोड्या चालवून बघा: क्ष = ० आणि एन = १०, उत्तर ०; ऋण शून्य आणि एन = १०, उत्तर ऋण शून्यच; क्ष = २^(−१०७४) आणि एन = ११००, उत्तर २^२६; क्ष = १.५ × २^१०२३ आणि एन = १, उत्तर अनंत, नॅन नव्हे; क्ष = १.५ × २^(−१०२२) आणि एन = −१, उत्तर ०.७५ × २^(−१०२२); आणि क्ष = ११ व एन = −१०७७, उत्तर २^(−१०७४). शेवटच्या जोडीवर याच्या दुप्पट आकडा आला, तर तुमच्या कोडमध्ये किंवा त्याखालच्या लायब्ररीत कुठेतरी स्केलिंग अजून दोन पायऱ्यांत होत आहे.